संपतच्या नावानं पोरीला अनवाणी पळवू नका

जमलेल्या आयाबायांनो, बापयांनो, आणि पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या पाहुणे मंडळींनो,

मला सभेत बोलता येत नाही. घरात तोंड चालतं, ते सगळ्या पाहुण्यांना माहीत आहे, पण असं माईकपुढं उभं राहायची ही पहिली वेळ. शाळा चौथीत सुटली. त्यामुळं आधीच्या वक्त्यांसारखं सजवून बोलणं माझ्याच्यानं होणार नाही. मागं आवाज येतोय का? जरा खाली करा तो माईक. आणि तो पंखा माझ्याकडं नको, मला वारं सोसत नाही. अजून थोडा वळवा. हां.

मी लोणंदचा. संपतचा सख्खा मामा. जिला तुमच्या गावात सगळे आक्का म्हणायचे, ती माझी थोरली बहीण. ती आधीच गेली. पोराला खांद्यावरनं नेलेलं तिला बघावं लागलं नाही, एवढंच बरं झालं.

आता मला कळतं, की मामा झाला तरी तो या गावचा पाहुणा. पाहुण्यानं दुखवट्याला यावं, सुनेच्या, संपतच्या सुमनच्या, डोक्यावर हात ठेवावा, दोन घास खावेत आणि एस.टी. धरावी. गावाला बोल लावू नये. मी तसंच ठरवून आलो होतो. पण सकाळी स्टँडवर उतरलो आणि समोरचा फ्लेक्स वाचला. मला चष्म्याशिवाय दिसत नाही, म्हणून चष्मा लावून परत वाचला. त्यावर संपतचा फोटो आहे. त्याच्या शेजारी मंडळाच्या अध्यक्षांचा, बापूसाहेबांचा फोटो आहे, तो संपतच्या फोटोपेक्षा मोठा आहे, ते असू द्या. खाली लिहिलंय की महिन्याच्या दिवशी ऑलिम्पिकवीराच्या नावानं स्मृतिज्योत निघणार. साताऱ्यापासून या गावापर्यंत. आणि शेवटचा सगळा टप्पा संपत सरांची शिष्या, दिनकरची मुलगी अश्विनी, एकटी, अनवाणी पळणार.

अनवाणी.

मंडळी, मी त्यासाठी उभा आहे. संपतबद्दल चांगलं बोलायला नाही, ते बोलून झालं. ती पोर पळता कामा नये. त्याच आठवड्यात तिची पुण्याला निवड चाचणी आहे. या मांडवातनं उठायच्या आत ते ठरलं पाहिजे. ठरलं नाही तर मी एस.टी.ला जाणार नाही, इथंच पायरीवर बसून राहीन. मला रक्तदाबाची गोळी आहे, ती मी बरोबर आणली आहे.

हसू नका. मला माहीत आहे मला काय म्हणतात. काळजीवाले मामा. पाऊस आला तर कसं, गाडी चुकली तर कसं, पोराला ताप आला तर कसं. माझं सगळं आयुष्य यात गेलं. पण माणूस कायम काळजी करतो म्हणून त्याची प्रत्येक काळजी खोटी नसते. एकदा खरी होती. तेव्हा या गावानं ऐकली नाही.

आधी दुसरं एक सांगतो. परवा मातीच्या वेळी माझ्या मागं दोघं बोलत होते. एक म्हणतो, "पळून पळून काळीज झिजलं बघ त्याचं." दुसरा म्हणतो, "व्हय की. माणसानं एवढं पळूच नये." त्या दोघांना मी ओळखतो. नावं घेत नाही, ते इथं बसलेत. बाबांनो, त्याचा बापही छातीतल्या कळेनंच गेला, आणि तो तर बैलगाडीतनं खाली उतरायचा कंटाळा करायचा. संपत त्या दिवशी सकाळी कॅनॉलच्या पट्टीवर पोरांना पळवत होता. कळ आली, बसला. पोरांनी पाणी दिलं. कडेगावच्या डॉक्टरनं सांगलीला न्यायला सांगितलं, वाटेत गेला. पळण्यानं गेला नाही तो. पळण्यानं एवढी वर्षं जगला. त्याच्या मरणाचा दोष त्याच्या पायांवर घालू नका. त्या पायांवर तुम्ही आधीच बरंच काही घातलं आहे.

माझ्या भाच्याला आयुष्यभर लोकांनी फुकट पळवलं. हे वाक्य मला सकाळपासून सुचतंय, आणि मला तेच बोलायचं आहे. फुकट पळवलं.

सुरुवात साताऱ्याच्या भरतीत झाली. संपत तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचा. आक्कानं त्याला माझ्याकडं लोणंदला पाठवलं आणि मी त्याला साताऱ्याला घेऊन गेलो, कारण एकट्याला पाठवलं तर चुकेल अशी मला धास्ती. मैदानावर हीऽऽ पोरं. शिट्टी झाली, पळाले. मी कुंपणाबाहेर. बघतो तर आमचा संपत पुढं, आणि मागं कुणीच नाही. इतका पुढं की मला वाटलं हा चुकून दुसऱ्याच शर्यतीत पळतोय. आला, थांबला. साहेबानं त्याला बाजूला घेतलं आणि म्हणाला, एक चक्कर चुकवलीस. संपत म्हणाला, न्हाई साहेब. साहेब म्हणाला, खोटं बोलतोस, पुढच्या तुकडीबरोबर परत पळ. दुसरा कुणी असता तर तंडला असता. मी कुंपणावर चढून ओरडायला लागलो, तर शिपायानं मला खाली ओढलं. संपतनं काय केलं? तोंडावर पाणी मारलं आणि परत पळाला. परत पहिला आला. साहेबानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि नाव लिहून घेतलं.

परतीच्या गाडीत मी त्याला म्हणालो, "आरं, सांगायचं न्हाईस का, मी खरं पळलोय म्हणून?"

तर म्हणतो, "मामा, सांगण्यापरीस पळणं सोपं."

हा त्याचा स्वभाव. भांडणापेक्षा पळणं सोपं. नाही म्हणण्यापेक्षा पळणं सोपं. माणसाच्या अशा स्वभावाचं पुढं काय होतं, ते मी तुम्हाला सांगतो.

पलटणीत गेला. तिथं त्याला पंधराशे मीटरवर घातलं. मला हे अंतर काय ते कळायला फार वर्षं लागली. मी विचारलं, "लांब पळायचं तर लांब पळ, जवळ पळायचं तर जवळ पळ. हे मधलंच काय?" तो हसायचा. म्हणायचा, "मामा, ह्यात दम बी लागतो आन् डोस्कं बी लागतं. पहिल्या तीन चकरा डोस्क्यानं पळायच्या, शेवटची छातीनं." मागं मागं राहायचा. लोक म्हणायचे, हा थकला. शेवटच्या चकरेची घंटा वाजली की आत कुठं दडवलेलं बाहेर काढायचा. मग कॅम्पला गेला, परदेशी गेला, आशियाई पदक आणलं, आणि एक दिवस पेपरात आलं की आपला संपत ऑलिम्पिकला निघाला.

ती शर्यत मी लोणंदच्या बाजारपेठेत एका हॉटेलात बघितली. कांद्याचे व्यापारी, हमाल, सगळे उभे. शर्यत चालू झाली आणि टीव्हीवाले मध्येच भालाफेक दाखवायला लागले. परत आले तेव्हा शर्यत संपत आली होती. गर्दीत आमच्या संपतचा मला एक खांदा दिसला आणि एक पाय. तेवढाच. पण पाय त्याचा होता, मी ओळखला. पहिल्याच फेरीत तो बाहेर गेला.

गावात आला तेव्हा तुम्ही काय विचारलंत, आठवतंय? कितवा आलास? तो म्हणाला, नववा. मग कुणीतरी म्हणालं, "आपल्या जत्रंत पळाला असतास तर पहिला आला असतास गड्या." सगळे हसले. तोही हसला. आणि मग हळूच म्हणाला, "तितं पळणारा परत्येक जण आपापल्या जत्रंत पहिलाच आल्याला असतोय." ते कुणी ऐकलं नाही. मी ऐकलं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की हे पोरगं कुठं जाऊन आलंय.

पण तो हरला नव्हता, मंडळी. तो शिकून आला होता. पुढच्या ऑलिम्पिकच्या खेपेला त्याचा जोर असा होता की त्याचे साहेब लोक म्हणायचे, आता याला घंटा वाजल्यावर कुणी धरू शकत नाही. निवडीची शर्यत उन्हाळ्यात होती. आणि त्याच्या थोडं आधी, चैत्रात, तुमची जत्रा.

आता जरा नीट ऐका. तरुण पोरांना हे माहीत नसेल. म्हाताऱ्यांना माहीत आहे, पण ते सांगत नाहीत.

जत्रेला ज्योत आणायची या गावची रीत. महाबळेश्वरच्या पलीकडं, गडावरच्या देवीपुढं मशाल पेटवायची आणि पळत पळत गावच्या देवळापर्यंत आणायची. मागं टेम्पो. पोरं आळीपाळीनं पळतात. दमलं की टेम्पोत, दुसरा उतरतो. पायात काही घालायचं नाही. माझं रीतीशी वैर नाही. मीही देवीचा उपास धरतो. पण त्या वर्षी मंडळाच्या मनात आलं, की ऑलिम्पिकवाला आपल्या गावचा असताना ज्योत दुसऱ्या कुणी का आणावी? मंडळाची चार माणसं जीप करून त्याच्या कॅम्पवर गेली. तिथल्या साहेबाला गळ घातली, गावची जत्रा आहे, आई आजारी आहे. आक्का आजारी नव्हती. आक्का इथं पुरणाची डाळ निवडत बसली होती. दोन दिवसांची सुट्टी काढून त्याला जीपमध्ये घालून सरळ गडावर नेलं.

आक्कानं मला निरोप धाडला, तू जा, पोराकडं लक्ष दे. म्हणून मी त्या टेम्पोत होतो. त्याच्या बुटांची पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो.

घाटात मला गाडी लागते. तिथंच मी दोनदा ओकलो, तेव्हा पोरांनी माझी जी काय थट्टा केली ती केली. पण बघत होतो. उतारानं, सकाळच्या गारठ्यात, खडबडीत डांबरावर संपत अनवाणी पळत होता. बाकीचे थोडं थोडं पळून वर येत होते. त्याला वर येऊ देत नव्हते. "तुला काय हाय त्याचं? तू तर ऑलिम्पिकवाला." असं म्हणायचे आणि मशाल त्याच्याच हातात. बरं, सलग पळू दिलं असतं तरी एक. नाही. लय झालं म्हणून वर घेतला, अंग गार पडलं, की पुढचं गाव यायचं. "संपतराव, उतरा. हितं आपलं पाव्हणं हायत, त्यांनला बघायचंय." की उतर. गावातनं पळ, हार घाल, नारळ घे, परत वर. पुढचं गाव, परत उतर. साताऱ्यात नाक्याला त्याला फेऱ्या मारायला लावल्या, कारण फोटोवाल्याचा फोटो नीट येईना.

मी ओरडत होतो. मी म्हणालो, "आरं, त्याला बूट तरी घालू दे."

तर एक जण म्हणतो, "मामा, ज्योतीला बूट? देवीम्होरं बूट घालून उभं ऱ्हाताय व्हय तुमी?"

मी म्हणालो, "हे देऊळ न्हाई, हा रस्ता हाय."

"आवं, तुमी गप टेम्पोत बसा. न्हाईतर पुना उलटी हुईल."

सगळे हसले. काळजीवाले मामा.

कऱ्हाडच्या पुढं ऊन चढलं. डांबर मऊ झालं होतं, पायाला चिकटत होतं. आणि प्रत्येक गावात बाया घागरी घेऊन उभ्या. ज्योत घेऊन आलेल्याच्या पायावर पाणी घालायची रीत. प्रेमानं घालत होत्या, त्यांची काय चूक? ओले पाय, तापलेलं डांबर. ओले पाय, तापलेलं डांबर. तळपायाची कातडी केळीच्या सालीसारखी सुटली. तो पाय वाकडा टाकून पळायला लागला, तळवा वाचवायला. आणि त्या वाकड्या पडणाऱ्या पायानं नडगीच्या हाडाला चीर पाडली. हे मला पुढं पलटणीच्या डॉक्टरनं समजावून सांगितलं. पण त्या दिवशी मला एवढंच दिसत होतं, की हे त्याचं पळणं नाही. तो पाय मी ओळखत होतो ना.

टेम्पोत दिनकर माझ्या शेजारी होता. दिनकर म्हणजे अश्विनीचा बाप, संपतच्या बरोबरीचा, लंगोटीयार. त्यानं एकदा संपतला वर ओढून घेतलं, पाय मांडीवर घेतला, बघितला. आपला टॉवेल फाडला आणि बांधला. पुढच्या गावात मंडळींनी तो सोडायला लावला. फोटोत पट्टी दिसेल म्हणून.

देवळापुढं हलग्या वाजत होत्या. गुलाल. संपतला खांद्यावर उचलला. पाय जमिनीवरनं सुटले तेव्हा त्याच्या तोंडातनं जो आवाज निघाला, तो हलगीत कुणाला ऐकू आला नाही. मी पायापाशीच होतो, मला आला. आणि त्याला खांद्यावर घेणारे तेव्हाचे तरुण कार्यकर्ते म्हणजे आत्ताचे आपले बापूसाहेब. बापूसाहेब, मी खोटं बोलत असेन तर सांगा. नाही ना? मग बसा.

दुसऱ्या दिवशी त्याला कॅम्पवर पोचवायला जीप नव्हती. आणायला होती, पोचवायला नव्हती. लोणंदला माझ्याकडं आला आणि तिथनं रेल्वेनं गेला. फलाटावर मी म्हणालो, "साहेबाला खरं सांग. गावानं पळवलं म्हणून सांग. थोडे दिवस विश्रांती देतील."

तो म्हणाला, "कसं सांगू मामा? आईला आजारी पाडून आणलंय मला. गावाचं नाव जाईल."

गावाचं नाव. त्यानं गावाचं नाव सांभाळलं. साहेबाला सांगितलं, आंघोळीच्या दगडावर घसरलो. त्या चिरलेल्या हाडावर सराव केला, निवडीच्या शर्यतीत उतरला. घंटा वाजली. दडवलेलं बाहेर काढायला गेला, आणि नडगी मोडली. मैदानावरनं स्ट्रेचरवर आणला. संपलं. त्यानंतर तो पळाला, पलटणीसाठी पळाला, पण तो संपत परत कुणाला दिसला नाही.

आणि तुम्ही काय म्हणालात? नोकरी मिळाली, पगार चालू झाला, आता कशाला पळतोय तो. असं म्हणालात. चावडीवर म्हणालात, दळणाच्या रांगेत म्हणालात. आक्काच्या तोंडावर म्हणालात. आणि निवडणूक आली की फ्लेक्सवर त्याचाच फोटो.

मी हे सगळं तेव्हाच इथं येऊन बोलणार होतो. संपतनं मला शपथ घातली, बोलायचं नाही. आता तो नाही. शपथ त्याच्याबरोबर गेली असं मी धरतो.

घोटभर पाणी द्या कुणीतरी. बरं आहे मी. घाबरू नकोस सुमन, गोळी घेतली आहे सकाळची.

मंडळी, रिटायर होऊन तो या गावात परत आला. मी म्हणालो, साताऱ्यात राहा, सांगलीत राहा, कशाला परत त्या गावात? तर आला. कॅनॉलच्या पट्टीवर पोरं गोळा केली. त्याचा एकच नियम होता, तुम्ही त्याच्यावर हसायचात. बुटाशिवाय पोर आलं की घरी परत. आई-बाप म्हणायचे, आमी बी अनवानीच पळलो. तो काही वाद घालायचा नाही. जुन्या सोबत्यांकडनं वापरलेले बूट मागवायचा, धुवायचा, पोराच्या पायात घालून अंगठा चाचपून बघायचा. तुम्ही त्याला बुटाचा सर म्हणायला लागलात. त्यातली एक पोर म्हणजे अश्विनी. मी काही जाणकार नाही, पण ती पळते तेव्हा मला तो टीव्हीवरचा पाय आठवतो. संपत म्हणायचा, मामा, ही माझ्यापुढं जाईल.

आणि त्या पोरीला तुम्ही संपतच्या नावानं, डांबरावर, अनवाणी पळवणार? श्रद्धांजली म्हणून? ज्यानं त्याचं आयुष्य मोडलं तेच परत करायचं आणि त्याला श्रद्धांजली म्हणायचं?

बापूसाहेब, तुमच्या मनात वाईट नाही, हे मी धरून चालतो. त्या वेळीही नव्हतं. तुम्हाला त्याचं कौतुकच होतं. पण तुमचं कौतुक दुसऱ्याच्या पायानं चालतं. तुम्हाला ज्योत न्यायची असेल तर न्या, तुम्ही स्वतः पळा. मी टेम्पोत बसायला तयार आहे, ओकीन पण बसेन.

सकाळी मी अश्विनीला विचारलं. ती सुमनला भाकरी करू लागत होती. म्हणालो, "पोरी, तुला पळायचंय का ज्योतीत?"

ती म्हणाली, "आजोबा, सर गेलं आन् लगीच ही शानी झाली, असं म्हणतील."

"कोण म्हणतील?"

"सगळीच."

"आन् तुझं पाय?"

तर तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मंडळी, हे मी आधी ऐकलेलं आहे. नाही म्हणण्यापेक्षा पळणं सोपं. संपत तिला पळायला शिकवून गेला, ही खोड त्यानं शिकवली नव्हती. ती तिनं आपणहून उचललीय.

म्हणून मी पोरीला काही विचारणार नाही. तिच्यावर ते ओझं टाकायचं नाही. मी तिच्या बापाला विचारणार आहे.

दिनकर, खांबाआड बसू नकोस. इकडं बघ.

गेल्या जत्रेच्या आधी मी इथं आलो होतो. संपतच्या ओसरीवर आपण तिघं बसलो होतो. सुमननं चहा दिला होता. संपत तुला म्हणाला, "दिन्या, पोरीला ज्योतीत धाडायचं न्हाई. जत्रंत न्हाई, कशात न्हाई. माझं पाय तू बघितल्यात." तू म्हणालास, "न्हाई धाडत." तो म्हणाला, "शबूद?" तू म्हणालास, "शबूद." मी ऐकलं आहे. सुमननं ऐकलं आहे.

मग या फ्लेक्सवर तुझ्या मुलीचं नाव कसं आलं, हे मला माहीत नाही असं समजू नकोस. तुझा ऊस उभा आहे. कारखान्याची तोड येईना. ऊस वाळत चाललाय आणि तोड कुणाच्या फोनवर येते, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी उघड बोललो म्हणून राग येत असेल तर येऊ दे. मीही शेतकऱ्याच्या पोटचा आहे, उभा ऊस वाळताना बघणं काय असतं ते मला कळतं. काळजी म्हणजे काय, ते मला सांगायची गरज नाही. पण उसाचं वजन घटेल, तोडलेल्या बुडख्यातनं परत खोडवा येईल, पुढचं वर्ष येईल. पोरीच्या नडगीला खोडवा येत नाही.

बापूसाहेब, तुम्ही उठू नका. तुम्ही नंतर बोला, अध्यक्ष आहात, शेवटी बोलायचा मान तुमचाच आहे. आता त्याला वेळ द्या.

रिवाजाप्रमाणं मी आता तुम्हाला श्रद्धांजलीसाठी उभं राहायला सांगायला पाहिजे. मी सांगणार नाही. आधी दिनकर उठेल. तो उठून बोलला, की मग आपण सगळे उठू. तो नाही उठला, तर सख्खा मामा बसून राहील, आणि सुमनही बसून राहील. ते तिनं मला घरातनं निघतानाच सांगितलंय. तिच्याकडं बघा म्हणजे कळेल.

कुणी त्याला टोचू नका. मागं बोलू नका. बसू द्या त्याला विचार करत. त्याच्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही वेळ लागला असता.

उठला.

दिनकर, माईकपाशी यायची गरज नाही. तिथनंच बोल.

मागं ऐकू आलं का? नसेल तर मी सांगतो. तो म्हणाला, "माझी पोरगी ज्योत न्हेणार न्हाई." आणि पुढं म्हणाला, "तोड मिळू द्या, न्हाई मिळू द्या."

बस. एवढंच पाहिजे होतं. ज्यानं तो फ्लेक्स लावलाय, त्यानंच तो संध्याकाळच्या आत उतरवावा. उन्हात शिडीवर जपून चढा.

आता उठा सगळे. सुमन, ऊठ बाई. अश्विनी, तिला धर. बापूसाहेब, तुम्हीही उठा. माझा तुमच्यावर राग आहे आणि तो राहील, पण संपत तुमच्याच गावचा होता. टोप्या काढा. मोबाईल बंद करा. लहान पोरांना बाहेर न्यायचं कारण नाही, त्यांनाही उभं राहू दे.

संपत, लेकरा, आम्ही तुला फार पळवलं. आता कुणी पळवणार नाही. मामाचा रामराम घे.

आता सगळ्यांनी गप्प राहा. मी सांगेपर्यंत.